शब्दचर्चा: ज्येष्ठांच्या प्रश्नावलीत ‘लिंग’, ‘काळजी’ आणि ‘नातेवाईक’

सांगली (प्रश्न): मिरज आणि जत तालुक्यांतल्या साठीपुढच्या लोकांसाठी समाजकार्याची प्रश्नावली करायची आहे. सेक्स, जेंडर, सेक्शुअ‍ॅलिटी तिन्हींना ‘लिंग’ चालेल का? आणि ‘केअर’ला काय म्हणावं?

मिरज: नाही चालणार. जेंडरला ‘लिंगभाव’ आणि ओरिएंटेशनला (कुणाची ओढ वाटते त्याला) ‘लैंगिक कल’ हे शब्द अहवालात ठेवा, प्रश्नावलीत नको. सत्तरीतल्या माणसाच्या कानावर ‘लैंगिक’ पडतं ते अत्याचाराच्या बातमीत, नाहीतर गुप्तरोगाच्या जाहिरातीत. ऐकलं की उत्तरं आखडतात. दोन प्रश्न करा: ‘जन्मल्यावर घरच्यांनी मुलगा म्हटलं की मुलगी?’ आणि ‘तुम्ही स्वतःला काय म्हणवता?’ दुसऱ्याला मोकळी ओळ ठेवा, सांगितलेला शब्द जसाच्या तसा लिहा. जोडीदाराचा प्रश्न शेवटी, आणि सून आत-बाहेर करत असेल तर विचारूच नका.

कराड: पुरुष, स्त्री, तृतीयपंथी अशा तीन चौकटी? सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथीयांना वेगळी ओळख दिली त्या २०१४च्या नालसा निकालानंतर कितीतरी अर्जांवर त्याच दिसतात.

जत: आमच्याकडे त्यानंच घोळ होईल. यल्लम्माला सोडलेला जोगता साडी नेसतो, परडी घेऊन जोगवा मागतो. पण काहींना बायकापोरं असतात आणि रेशनकार्डावर ‘पुरुष’ असतं. विचारलं तर म्हणेल ‘जोगता’. ते देवीशी असलेलं नातं झालं. तृतीयपंथी म्हणवून घ्यायचं की नाही हे त्यानं ठरवायचं, आकडे भरणाऱ्या पोरानं नव्हे. जोगतीण बहुतेकदा बाईच असते. दोघांना एकच संकेतांक दिला की तक्ता गेला.

मिरज: ‘केअर’ला ‘काळजी’ नको. ‘काळजी’ म्हटलं की म्हातारी मुलाच्या नोकरीची चिंता सांगत बसते. इकडचा प्रश्न ‘तुमचं कोण करतं?’ असाच आहे. मात्र ‘सून करते की’ एवढ्यावर थांबू नका. जेवण कोण देतं, अंघोळ कोण घालतं, दवाखान्यात सोबत कोण, औषधाचे पैसे कोण भरतं, अशा चार ओळी वेगळ्या विचारा. एकेका कामाला वेगळं माणूस निघतं. ‘सर्वसमावेशक’सारखे शब्द मुखपृष्ठावर असू देत, प्रश्नांत नकोत.

कराड: ‘नातेवाईक’सुद्धा जपून. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात ‘नातेवाईक’ म्हणजे अपत्य नसलेल्या ज्येष्ठाचा कायदेशीर वारस, ज्याच्याकडे त्याची मालमत्ता आहे किंवा पुढे येणार आहे. तृतीयपंथी गुरूचं सगळं करणारा चेला, वर्षानुवर्षं सोबत राहणारी मैत्रीण त्यात बसत नाही. म्हणून ‘ते तुमचे कोण लागतात?’ऐवजी ‘त्यांना काय हाक मारता?’ विचारा. उलट २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १४नुसार साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला प्रतिनिधी नेमता येतो. तो सज्ञान आणि सक्षम हवा, त्याची लेखी संमती हवी, रक्ताचं नातं लागत नाही. पण हे मानसिक आजाराच्या उपचारापुरतंच. मांडीच्या हाडाच्या ऑपरेशनला तोच कागद चालेल असं कुणाला सांगू नका.