'ट्रायाज'ला मराठीत काय म्हणावं?

पानसुपारी : साथीत व्हेंटिलेटर, ऑक्सिजन पुरेना झाला की आधी कोणाला द्यावं, याबद्दल लोकांना काय वाटतं, अशा विषयावरची पुस्तिका मराठीत करतोय. 'ट्रायाज'ला, म्हणजे कोणत्या रुग्णाला आधी उपचार द्यायचे हे ठरवण्याला, 'प्राधान्यक्रम निश्चिती' लिहिलंय. वाचताना दात दुखतात.

लासलगावकर : प्रतवारी! मूळ फ्रेंच क्रियापदाचा अर्थच निवडून वेगळं काढणं. लोकर, कॉफीच्या बिया यांच्यासाठी तो शब्द आधी होता, जखमींसाठी नंतर आला. आमच्याकडे कांद्याचं तेच. गोल्टी एकीकडे, मोठा माल एकीकडे.

सिस्टर_नाइट : दादा, प्रतवारीत चांगल्या मालाला भाव. कॅज्युअल्टीत ज्याची अवस्था वाईट तो आधी आत. नेपोलियनच्या सैन्यातला सर्जन लारे हेच करायचा, हुद्दा नाही, जखम बघायचा.

एप्रिल २०२१ मध्ये मी कोविड वॉर्डात होते. आम्ही आपसात ट्रायाजच म्हणायचो. नातेवाईकांच्या तोंडी एकच, "सिस्टर, आमचा नंबर कधी लागेल?" म्हणजे लोकांच्या मनात रांग होती, आणि रांग मोडणारा तो वशिल्याचा. एक काका आईच्या बोटाचं ऑक्सिमीटर मला दाखवत होते. "८४ आहे हो, त्या पलीकडच्यांचं ८९ आहे." पहाटेपासून रांगेत असलेला माणूस रांग विसरून आकडे सांगायला लागला होता.

लासलगावकर : ताई, प्रतवारी मागे घेतो. मग 'वाटप'?

पानसुपारी : वाटप रेशनचं. थोडं थोडं का होईना, सगळ्यांना मिळतं. जिल्हाधिकाऱ्यांकडून रेमडेसिविरचं झालं ते वाटप. व्हेंटिलेटर अर्धा देता येत नाही. आणि 'वाटणी' म्हटलं की हक्क आला, भाऊबंदकी आली.

उंबरठा : 'क्रम' पुरे की. लसीला १ मार्च २०२१ पासून साठीच्या वरचे आधी, ४५ च्या वरचे सहव्याधीवाले त्यांच्याबरोबर. कोणी फार कुरकुर केली नाही. उलट इटलीत मार्च २०२० मध्ये भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं अतिदक्षता विभागासाठी वयाची मर्यादा घालावी लागेल असं लिहिलं, तर केवढा वाद! तेच वय लसीत पुढे नेतं, व्हेंटिलेटरपाशी मागे ढकलतं. (आमची आजी "माझं झालंय सगळं, पोरांना द्या" म्हणायची. बाबांसमोर मात्र कोणाची हे उच्चारायची हिंमत नव्हती.)

लासलगावकर : 'निकडवारी'? वर्गवारीसारखं. ज्याची निकड जास्त तो आधी.

सिस्टर_नाइट : हा आवडला. रुग्णाची निकड दाखवायला लावतात त्या लाल, पिवळ्या, हिरव्या पट्टीला चोख बसतो. पण काळी पट्टीही असते ना, वाचण्याची आशा नसलेल्याची. शिवाय मशीन एक आणि लाल पट्टीचे तिघे, तेव्हा निकड तिघांचीही सारखीच. तिथे कोणीतरी निवडतं. त्याला निवडच म्हणा, गोड शब्द शोधू नका.

पानसुपारी : ठरलं. पहिल्या प्रकरणात निकडवारी, दुसऱ्यात निवड. आता मुद्रितशोधक 'क' आणि 'व'चा घोळ घालणार, तेवढं बघावं लागेल.