शब्दचर्चा : ‘मार’, ‘बंद कर’, ‘उडव’ – सर्व्हरच्या कामातली मराठी क्रियापदं

रात्रपाळी

सर्व्हर सांभाळणाऱ्या आम्हा मंडळींच्या बोलण्यात नामं बहुतेक इंग्रजी आणि क्रियापदं झाडून मराठी असतात. लॉग बघ, डिस्क भरली, सर्व्हिस उठव, प्रोसेस लटकलीय, कमांड मार. नामांबद्दल मला काही म्हणायचं नाही. फाइलला धारिका म्हणावं का, डिरेक्टरीला निर्देशिका म्हणावं का, यावर भरपूर खल झालाय आणि टर्मिनलसमोर बसलेलं कुणी ते शब्द वापरत नाही. माझा प्रश्न क्रियापदांचा आहे. ती आपली आहेत, रोजची आहेत, आणि त्यातली काही इतकी सैल आहेत की कामात घोळ होऊ शकतो.

परवाचंच उदाहरण. रात्री एक सहकारी फोनवर नव्या मुलाला सांगत होता, “आधी बॅकअप मार, मग सर्व्हिस बंद कर.” मुलानं विचारलं, “सर, मारू म्हणजे घेऊ, की आत्ता चाललाय तो थांबवू?” अगदी रास्त प्रश्न. ‘कमांड मार’, ‘एंटर मार’, ‘रिस्टार्ट मार’ यातला ‘मार’ म्हणजे नुसतं कर. ‘ती प्रोसेस मार’ मधला ‘मार’ म्हणजे किल कर, चालू असलेला प्रोग्रॅम (प्रोसेस) घालव. त्या वेळी बॅकअपची एक प्रोसेस खरंच चालू होती, त्यामुळे दोन्ही अर्थ बसत होते.

तर ‘किल’ला बोलताना काय म्हणावं? मी ‘संपव’ म्हणतो. आणखी नेमकं काही आहे का? ‘बंद कर’बद्दलही बोलू या, तेही तितकंच घातक आहे.

विदाकार

‘संपव’ही बसत नाही, कारण किल ही कमांड स्वतः काही संपवत नाही. ती प्रोसेसला सिग्नल पाठवते, बस. सिग्नल मिळाल्यावर काय करायचं हे बहुतेक वेळा प्रोसेसच ठरवते.

नुसतं ‘किल ४२१७’ (४२१७ हा प्रोसेसचा नंबर, म्हणजे पीआयडी) म्हटलं की १५ क्रमांकाचा सिग्नल जातो, म्हणजे टर्म. त्याचा अर्थ ‘आवरतं घे’. प्रोसेस उघड्या फाइली मिटते, अर्धवट लिहिलेलं पूर्ण करते, तात्पुरत्या फाइली काढते आणि स्वतःहून जाते. हा सिग्नल तिला पकडता येतो, दुर्लक्षही करता येतं. ‘किल -९’ची गोष्ट वेगळी. तो सिग्नल प्रोसेसच्या हाती लागतच नाही, कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, परस्पर तिचा निकाल लावतो. आवरायला क्षणही मिळत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या एका कनेक्शनची प्रोसेस अशी -९ ने घालवून बघा: शेअर्ड मेमरी बिघडली असेल या शंकेनं मुख्य प्रोसेस बाकी सगळी कनेक्शनंही तोडते आणि रिकव्हरी सुरू करते. एका अडकलेल्या क्वेरीपायी सगळं ऑफिस लॉगआउट!

‘किल -१’ म्हणजे हप, हँगअपचं लघुरूप. पूर्वी टर्मिनल मोडेमवरून जोडलेलं असे आणि फोनची लाइन तुटली की हा सिग्नल जाई. डिमनला (पडद्याआड चालणाऱ्या प्रोसेसला) टर्मिनलच नसतं, म्हणून त्यांच्यात ‘कॉन्फिग पुन्हा वाच’ एवढ्यासाठी तो वापरायची पद्धत पडली. ‘किल -०’ तर कोणताच सिग्नल पाठवत नाही. त्या नंबरची प्रोसेस आहे का आणि तिला सिग्नल द्यायचा आपल्याला हक्क आहे का, एवढंच सांगते.

म्हणून माझ्या मते १५ साठी ‘आवरायला सांग’ म्हणावं आणि ‘मार’ फक्त -९ साठी राखून ठेवावा. नवी मुलं थेट -९ वर जातात त्याला ‘मार’ हा शब्दही थोडा कारणीभूत आहे असं मला खरंच वाटतं. मारायचंच आहे म्हटल्यावर माणूस हळू कशाला मारेल?

निळी_शाई

विदाकार, ‘आवरायला सांग’ एकदम पटलं. पण त्यात एक भर घाला. -९ नंही जी जात नाही तिला ‘मरत नाही’ म्हणून सोडून देऊ नये. प्रोसेसची यादी देणाऱ्या पीएस कमांडमध्ये तिच्या स्थितीचं अक्षर बघावं. ‘झेड’ असेल तर ती आधीच मेलेली आहे, फक्त तिच्या पालक प्रोसेसनं नोंद घेतलेली नाही. तिथे इलाज पालकावर करायचा. ‘डी’ असेल तर ती डिस्कच्या किंवा नेटवर्कवरच्या ड्राइव्हच्या उत्तराची वाट बघत कर्नलमध्ये अडकलीय. ते उत्तर येईपर्यंत सिग्नल दारातच थांबतो. अशा वेळी ‘लटकली’ हा आपला शब्द इंग्रजीहून सरस आहे.

आता ‘बंद कर’. सिस्टमडी (लिनक्सवर सर्व्हिस उठवणारा आणि सांभाळणारा प्रोग्रॅम) आल्यापासून या दोन शब्दांत निदान तीन वेगळी कामं दडलेली असतात.

‘सिस्टमसीटीएल स्टॉप’नं सर्व्हिस आत्ता थांबते, पण मशीन रीबूट झालं की ती पुन्हा हजर. ‘डिसेबल’चं बरोबर उलटं: पुढच्या बूटला ती आपोआप उठणार नाही, पण आत्ता चालू असेल तर चालूच राहते. लोक इथेच फसतात. डिसेबल म्हटलं, प्रॉम्प्ट परत आला, एरर नाही, म्हणजे बंद झाली असं धरून चालतात, आणि पोर्ट उघडाच असतो. दोन्ही एकदम हवं असेल तर ‘डिसेबल --नाऊ’. तिसरं ‘मास्क’. त्यात त्या सर्व्हिसच्या नावाची लिंक डेव्हनल या कायम रिकाम्या फाइलकडे वळवली जाते, मग हातानं स्टार्ट म्हटलं किंवा दुसऱ्या सर्व्हिसनं मागितलं, तरी ती उठत नाही.

मी टीममध्ये ‘बंद’ हा शब्दच वर्ज्य केलाय. आम्ही ‘थांबव’, ‘बूटला उठवू नकोस’ आणि ‘कुलूप लाव’ असं म्हणतो. ‘चालू कर’चंही तेच, स्टार्टला ‘उठव’ आणि एनेबलला ‘बूटला लाव’. रीलोडसाठी ‘पुन्हा वाचायला लाव’ म्हणतो, कारण रीस्टार्ट आणि रीलोड दोघांनाही ‘रिस्टार्ट मार’ म्हणायची वाईट सवय सगळीकडे आहे. एनजिनएक्स हा वेबसर्व्हर रीलोड केला की जुने वर्कर हातातल्या रिक्वेस्ट पुऱ्या करून जातात आणि नवे वर्कर नवी कॉन्फिग घेऊन उभे राहतात. बाहेरच्याला काही कळतही नाही. फक्त त्याआधी ‘एनजिनएक्स -टी’ करून कॉन्फिग तपासावी.

रात्रपाळी

धन्यवाद! ‘कुलूप लाव’ उद्यापासून आमच्याकडे. यावरून एक आठवलं. सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये (सिस्टमडी वाचतो ती तिची कॉन्फिग) ‘रीस्टार्ट=ऑलवेज’ असेल तर ती प्रोसेस किलनं घालवली तरी सिस्टमडी तिला थोड्याच वेळात परत उठवतो, नवा पीआयडी देऊन. “मारली तरी उठतेय” अशी तक्रार आली की आधी विचारायचं, किल केलीस की स्टॉप? स्टॉप केली असती तर सिस्टमडीला कळलं असतं की ती मुद्दाम थांबवलीय.

पायवाट

माझ्याकडून ‘उडव’. ‘लॉग उडव’, ‘फोल्डर उडव’ हे आपण आरएम या फाइल काढायच्या कमांडसाठी म्हणतो. ऐकणाऱ्याला वाटतं वस्तू उडाली, जागा मोकळी झाली. आरएम तसं करत नाही. ती फाइलचं नाव डिरेक्टरीतून काढते, आतला सिस्टम कॉलही अनलिंक याच नावाचा आहे. फाइलला दुसरं नाव उरलेलं नसेल आणि कोणत्याही प्रोसेसनं ती उघडी ठेवलेली नसेल, तरच जागा मोकळी होते.

हे रोजचं दृश्य बघा. रात्री अलर्ट येतो, /व्हार (लॉग वगैरे जिथे साठतात ती डिस्क) १०० टक्के भरली. माणूस /व्हार/लॉगमध्ये जातो, ‘डीयू -एसएच *’ मारतो, एक ३८ जीबीचा लॉग सापडतो, उडवतो. मग ‘डीएफ -एच’: अजून १०० टक्के! पुन्हा डीयू, तर ३८ जीबी कमी झालेले. एक म्हणतंय गेले, एक म्हणतंय आहेत, आणि दोघंही खरं बोलतायत. डीयू नावांच्या मागे जाऊन मोजतं, नाव गेलं की त्याच्या हिशेबातून फाइल गेली. डीएफ फाइलसिस्टमलाच विचारतं, आणि तिच्या लेखी ते ब्लॉक अजून वापरात आहेत, कारण ॲप्लिकेशननं ती फाइल धरून ठेवलीय आणि ते आताही तिच्यात लिहितंय.

‘एलसॉफ +एल१’ चालवा. नाव शून्य आणि तरी उघड्या अशा फाइली, धरणाऱ्या प्रोसेसच्या पीआयडीसकट समोर येतात. त्या प्रोसेसला लॉग पुन्हा उघडायला लावा किंवा ती रीस्टार्ट करा, जागा त्या क्षणी परत मिळते. मुळात चालू लॉग आरएम करूच नये. ‘ट्रंकेट -एस ०’ नं तो जागच्या जागी रिकामा करावा. म्हणून दोन क्रियापदं हवीत. ‘नाव काढ’ आणि ‘रिकामी कर’. ‘उडव’ गप्पांत ठेवा, फोनवर सूचना देताना नको.

तळकोकणी

डिमनचा उल्लेख वर आलाच आहे. काही पुस्तकी मराठीत त्याला ‘राक्षस’ किंवा ‘भूत’ केलेलं दिसतं, ते अन्यायाचं आहे. हा शब्द १९६३ च्या सुमारास एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमध्ये आला, मॅक्सवेलच्या त्या काल्पनिक डिमनवरून, जो न थकता रेणू वेगळे करत बसतो. पडद्याआड अखंड काम करणारा, एवढाच अर्थ. त्यात दुष्टपणा कुठेच नाही.

आमच्याकडे कोकणात आणि खाली गोव्यात याला चपखल शब्द आहे, राखणदार. गावाची सीमा राखतो, दिसत नाही, त्याला कुणी रोज हाक मारत नाही, पण तो फिरतीवर आहे यावर सगळ्यांचा भरवसा. एसएसएचडी, क्रॉनडी, सिस्टमडी, शेवटी ‘डी’ असलेले हे सगळे तसेच. ‘एसएसएचचा राखणदार उठलाय का बघ’ असं मी घरच्या मशीनवर म्हणतो आणि माझ्या पुतणीला ते एका फटक्यात समजलं. सगळीकडे चालवा असा आग्रह नाही, पण ‘भूत’ मात्र बदलाच.

शिकाऊ_अडमिन

सर्वांचं वाचतेय, फार उपयोगी. माझी अडचण परवानगीतली. वाच, लिही, चालव – ४, २, १ – हे पाठ आहे. पण डिरेक्टरी ‘चालवायची’ म्हणजे काय? वेबसाइटच्या फाइलला ६४४ आहे, म्हणजे सगळ्यांना वाचता यायला हवी, तरी ब्राउझरमध्ये ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’, येतंय. ऑफिसात एकानं सांगितलं, सरळ ७७७ मार.

निळी_शाई

७७७ मारू नका. त्यानं त्या मशीनवरच्या कोणत्याही युजरला तिथे लिहिता येतं, आणि दोष बहुधा त्या फाइलमध्ये नाहीच.

डिरेक्टरीच्या बाबतीत ‘एक्स’ला ‘चालव’ म्हणणंच चूक आहे. तिथे त्याचा अर्थ ‘ओलांड’. ‘आर’ असेल तर आतल्या नावांची यादी दिसते. ‘एक्स’ असेल तर त्या डिरेक्टरीतून पुढे जाता येतं, आतल्या ज्या फाइलचं नाव माहीत आहे तिथवर पोचता येतं. फक्त ‘आर’ दिला आणि ‘एक्स’ नाही, तर नावं दिसतात पण एकही फाइल उघडत नाही. फक्त ‘एक्स’ दिला तर नाव ठाऊक असलेली फाइल उघडते, यादी मात्र दिसत नाही. आणि ओलांडायची परवानगी वाटेतल्या प्रत्येक डिरेक्टरीवर लागते. साइट तुमच्या होम डिरेक्टरीखाली ठेवली असेल आणि होमला ७०० असेल, तर वेबसर्व्हरचा युजर पहिल्याच उंबऱ्याशी अडतो. खालच्या फाइलला ७७७ देऊनही उपयोग नाही.

‘नेमआय -एल’ आणि पुढे त्या फाइलचा पूर्ण पाथ द्या. रूटपासून फाइलपर्यंतची प्रत्येक पायरी एकेका ओळीवर येते, तिच्या परवानग्या आणि मालकासकट. ज्या डिरेक्टरीच्या ओळीत शेवटच्या तीन खुणांमध्ये ‘एक्स’ दिसणार नाही, तिथे थांबा. ग्रुप किंवा मालक वेबसर्व्हरचाच असेल तर त्यांच्या तीन खुणा बघा. मग फक्त त्या डिरेक्टरीला ‘सीएचमॉड ओ+एक्स’ (इतरांना ओलांडायची परवानगी), किंवा साइट होममधून उचलून /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू मध्ये. मी दुसरं करेन. नेमआयचं आउटपुट इथे टाका, बघून सांगते.