घोडीची आयाळ घासून घासून उडाली, खाज थांबायला काय करावं?

कुमैत घोडी, वय 7. तीन आठवडे झाले, मान खांबाला घासतेय. आयाळ मधोमध वीतभर उडाली, खालची कातडी जाड होऊन सुरकुतली, दोन ठिकाणी लस येऊन खपली धरलीय. शेपटीच्या मुळाशी केस झाडूसारखे उभे. गेल्या वर्षीही ओल्या दिवसांत असंच झालं होतं, थंडीत आपोआप बरं झालं म्हणून मी सोडून दिलं. शेजारच्या ठाणावरचे दोन घोडे ठणठणीत. तेल चोपडून झालं. आणखी काय लावू?

खरारा:
लावायचं नंतर, आधी चावतंय कोण ते बघा. ठरावीक हवेत सुरू होतं, थंडीत थांबतं, आयाळ आणि शेपटीचं मूळ: माझा संशय चिलटांवर. क्युलिकॉइड्स जातीची, जेमतेम 1 ते 3 मिलिमीटर. त्यांच्या लाळेची काही घोड्यांना ॲलर्जी असते, म्हणून एकाला खाज आणि शेजारचा मजेत. पहाटे आणि तिन्हीसांजेला त्यांचा जोर. तेवढा वेळ घोडी आत बांधा आणि पंखा लावा. चिलटं उडण्यात दुबळी, वाऱ्यापुढे टिकत नाहीत. मान झाकणारी बारीक जाळीची झूल मिळाली तर उत्तम; साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून ती खुशाल आत येतात.

धागाकर्ती:
अरे देवा. संध्याकाळी ती तळ्याकाठी चरत असते!

खरारा:
म्हणजे ऐन जेवणाच्या वेळी ताट वाढून ठेवलंत. चिखल, ओली लीद, तिथेच त्यांची पैदास.

ढिला तंग:
चिलटं असतीलच, तरी एकदा आयाळ फाकवून भर उजेडात बघा. केसाला चिकटलेले पांढुरके ठिपके झटकून पडत नसतील तर लिखा. गोल चट्टे, तुटके केस असतील तर गजकर्णाची शंका घ्या. ते माणसालाही होतं, हातमोजे घाला आणि तिचा खरारा, मोहरकी, खोगिराखालचा नमदा दुसऱ्या घोड्याला वापरू नका. नुसती शेपूटच घासत असती तर मी जंतांकडे वळलो असतो.

नवशिका:
कुत्र्याच्या गोचिडांसाठी आणलेलं ॲमिट्राझ पडून आहे. पाण्यात मिसळून फासलं तर चालेल ना?

ढिला तंग:
अजिबात नको! त्याने घोड्याच्या आतड्याची हालचाल मंदावते, लीद अडकते, पोटशूळ उठतो. खाज परवडली. घोड्यासाठीच बनवलेलं परमेथ्रिन हे कीटकनाशक वापरा, तेही जखमेवर नाही. तबेल्यात मांजर असेल तर तिला लांब ठेवा, मांजराला ते विषारी.

खरारा:
धुण्याबद्दल: थंड पाणी, क्लोरहेक्सिडीनचा (जंतुनाशक) शाम्पू, 10 मिनिटं अंगावर ठेवून भरपूर पाण्याने काढायचा. खपली नखाने उपटू नका, भिजून सुटेल तेवढीच जाऊ द्या. मग नीट वाळवा. टी ट्री तेल कुणी सुचवेलच, पण पातळ न करता लावलंत तर कातडी आणखी भडकते. लस येतेय म्हणजे पशुवैद्याला दाखवाच. स्टेरॉइड देतील कदाचित, त्याने खाज पटकन बसते. पण आधी कधी खुरांचा दाह झाला असेल तर तो आवर्जून सांगा, स्टेरॉइडने पुन्हा उठू शकतो.

धागाकर्ती:
चौथा दिवस. लिखा नाहीत. डॉक्टर येऊन गेले, त्यांचंही बोट चिलटांकडेच. जखमेला मलम दिलंय, स्टेरॉइड तूर्त नाही. उन्हं कलायच्या आत आणते, पंखा सुरू. खांबाला रोज केसांचा पुंजका अडकलेला असायचा, आज दोनच केस होते. बाईसाहेब मान लांब करून पंख्यासमोर उभ्या, वैरणीकडेही बघत नाहीत. झूल शोधतेय.