कॉफी की कॉपी? उच्चार बोलणाऱ्याने सुधारायचा की कान ऐकणाऱ्याने?

वाटसरू: गेल्या आठवड्यात एक कोरियन सहकारी माझ्या टेबलाशी आली आणि हसून म्हणाली, "कॉपी?" माझ्या हातात बैठकीचे कागद होते. मी तडक उठलो, बारा पानांच्या दोन प्रती काढून तिला दिल्या. तिने आभार मानून घेतल्या, पण जरा गोंधळलेली दिसली. पंधरा मिनिटांनी ती दोन कप घेऊन परत आली, तेव्हा उलगडा झाला. ती मला कॉफी प्यायला बोलावत होती! दोघंही पोट दुखेपर्यंत हसलो.

नंतर कळलं की इंग्रजीतला 'एफ' कोरियनमध्ये नाहीच. म्हणून कॉफी हा शब्द ते तिकडच्या 'प'सारख्या अक्षराने लिहितात. माझं मत असं झालंय की अशा वेळी आधी ऐकणाऱ्याने कान तयार करावा. ती तिसऱ्याच भाषेत आपल्याशी बोलायची मेहनत घेतेय, मग उरलेलं अर्धं अंतर आपण का चालू नये?

उंबरठा: नाही पटलं. कॉफीच्या बाबतीत हसून सोडता येतं, सगळीकडे नाही. विमानाच्या रेडिओवर 'थ्री'ला 'ट्री', 'फाइव्ह'ला 'फाइफ' आणि 'नाइन'ला 'नायनर' म्हणायचं असं ठरवून दिलंय. समोरच्याने समजून घ्यावं या भरवशावर तिथे कोणी राहत नाही. बोलणाऱ्यानेच स्पष्ट बोलायचं.

वाटसरू: पण 'ट्री' हा इंग्रजांचा उच्चार नव्हेच! जो ध्वनी अनेकांना जमत नाही तो काढून टाकला आणि जमेल असा ठेवला. आंतरराष्ट्रीय विमानसेवेसाठी भाषेची जी चौथी पातळी लागते, तिच्यातही उच्चारावर मातृभाषेची छाप चालते. फक्त तिने समजण्यात वारंवार अडथळा येता कामा नये.

शब्दवेडी: माझा अनुभव उंबरठा यांच्या बाजूचा आहे. परदेशात फोनवर नाव सांगताना माझा 'पी' दर वेळी 'बी' लिहिला जायचा. एकदा तिकीटच चुकीच्या नावाने निघालं आणि मी रडकुंडीला आले. कारण साधं आहे: इंग्रजी बोलणारे शब्दाच्या सुरुवातीचा 'प' हवेच्या झोतासह म्हणतात, आपण झोताशिवाय. झोत नाही म्हणजे 'ब', असं त्यांचा कान धरतो. लिस्कर आणि अब्रॅम्सन यांनी १९६४ मध्ये अकरा भाषांतले असे ध्वनी मोजले होते, त्यात मराठीही होती. मी तळहात तोंडासमोर धरून सराव केला, दोन आठवड्यांत जमलं. त्यात माझं मराठीपण कुठे गेलं नाही. जे आपल्या हातात आहे ते करायला काय हरकत आहे?

उंबरठा: तेच म्हणतोय. आणि कान तयार करा म्हणणं सोपं आहे. वर्कर आणि टीस यांचा १९८४ चा प्रयोग बघा. इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना आपल्याकडचे 'ट' आणि 'त' वेगळे ऐकू येत होते. वर्षाची होईपर्यंत तो फरक त्यांच्या कानातून जवळजवळ गेला. मोठेपणी कुठून आणणार?

वाटसरू: एकेक ध्वनी वेगळा ओळखणं अवघड, मान्य. पण अख्खं बोलणं समजायला तेवढं लागत नाही. क्लार्क आणि गॅरेट यांनी २००४ मध्ये दाखवलं की परक्या धाटणीचं बोलणं ऐकताना सुरुवातीला माणूस अडखळतो, पण एका मिनिटाच्या आत कान सरावतो. एक मिनिट! तेवढाही धीर आपण धरत नाही आणि लगेच "काय? काय?" करतो. तिसऱ्यांदा "काय?" ऐकलं की समोरचा बोलणंच आवरतं घेतो, हे मी पाहिलंय.

अनुस्वार: सगळे तिचा उच्चार चुकला असं धरून चाललात. कोरियन कॉफीतलं ते अक्षर झोतासह म्हटलेला 'प' आहे. म्हणजे आपला मूळचा 'फ', दोन्ही ओठ मिटून म्हणायचा! आपल्यातले बरेच जण आता दात ओठावर टेकवून इंग्रजी 'फ' म्हणतात, म्हणून जुना 'फ' कानावर पडला तरी 'प' वाटतो. शब्दवेडी दोन आठवडे ज्याचा सराव करत होत्या तोही हाच.

शब्दवेडी: अरे हो! हे लक्षातच आलं नव्हतं.

वाटसरू: अनुस्वार, मनापासून आभार. आज तिला 'फूल' म्हणायला सांगितलं. ओठ मिटून, पहिल्याच फटक्यात स्वच्छ म्हणाली. मग स्वतःच हसायला लागली. तिच्या भाषेत 'फुल' म्हणजे गवत.