प्रति: बेटावर कंपन्या वाढल्या की वीज स्वस्त होईल का?

वर लिहिलंय की छोट्या बेटावर दोन-तीन वीज कंपन्या आणल्या की दर आपोआप उतरतील, मला नाही पटत. आमच्या रायगडातलं घारापुरी (एलिफंटा) बेटच बघा ना, फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राखालून केबल आली तोपर्यंत संध्याकाळी काही तास डिझेल जनरेटर, बस्स, फ्रीजचा विचारच नको. मुळात मागणीच एवढीशी, त्यात दोन मशीन असली नि एक बंद पडलं तर अर्धी वीज गेली, म्हणून तेवढंच तिसरं राखीव ठेवायचं आणि त्याचा खर्च मोजक्या घरांवर. इकडे किनाऱ्यावर वीज बनवणारा एखादा संच ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, तरी अख्ख्या देशाची ग्रिड, म्हणजे एकमेकांना जोडलेलं वीजजाळं, सांभाळून घेते, विजेची ५० हर्ट्झची वारंवारता जेमतेम हलते. मला विचाराल तर आधी केबल, नाहीतर सोलर आणि बॅटरी, कंपन्यांचं नंतर बघू.