'हाइड'ला काय म्हणावं: लपण, मचाण की आणखी काही?

कडवाकाठ:
नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात येणाऱ्या हौशी पक्षीछायाचित्रकारांसाठीचं सूचनापत्रक मराठीत करतोय. मूळ इंग्रजीत 'हाइड', म्हणजे पक्ष्यांना दिसू नये म्हणून घ्यायचा आडोसा, तीन अर्थांनी आलाय: पाण्याकाठची पक्की खोली, पाठीवर नेता येणारा कापडी तंबू आणि अंगावर घ्यायची जाळी. सगळीकडे 'लपण' घातलं होतं. तपासणाऱ्यांनी खोडून 'मचाण' केलंय, लोकांना तेच कळतं म्हणून. काय ठेवावं?

गोफणगुंडा:
मचाण साफ चूक. मचाण उंचावर असतं. ज्वारीतला माळा त्याचाच भाऊ, आणि माळ्यावरचा राखण्या पाखरांना दिसलाच पाहिजे. इथे नेमकं उलट हवंय. मनोऱ्यावरून थवे मोजा, दुर्बीण लावा, पण फोटोत पक्ष्याची पाठ येते, डोळा येत नाही. शेकाट्या उथळ पाण्यात उभा असेल तर लेन्स पाण्यापासून फूटभर उंचीवर हवी. तरच त्याचे लांब पाय आणि प्रतिबिंब नीट मिळतं, मागचं गवतही धूसर होतं. पत्रकात मचाण लिहिलंत तर वाचणारा वर चढेल!

लिपीकार:
मचाण नको हे मान्य, पण लपणही नको. तो शिकाऱ्यांचा शब्द आहे, अभयारण्याच्या पत्रकात कशाला? हे रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळांच्या जागतिक यादीत, आलेलं राज्यातलं पहिलं पाणथळ. कोकणातून, विदर्भातून माणसं येतात. 'निरीक्षणकुटी' लिहा, सगळ्यांना कळेल.

पाणमांजर:
कुटी पक्क्या खोलीला ठीक. तंबू पाठीला मारून भल्या पहाटे अभयारण्याकाठच्या चापडगावला निघालेला माणूस 'कुटी घेतली का?' असं विचारणार नाही. पाणवठ्यावर प्राणिगणनेला बसणारेही लपणच म्हणतात. शिकार गेली, शब्द राहिला, त्यात वाईट काय?
शब्दापेक्षा पत्रकात हे नीट येऊ द्या. तंबू लावण्याआधी वनरक्षकाला विचारावं. उजाडायच्या आधी आत बसावं. सकाळी ऊन पाठीशी हवं, म्हणजे तोंड पश्चिमेला. कापड ताणून बांधावं, कारण सैल कोपरा वाऱ्यावर फडफडला की बदकं खोल पाण्यात सरकतात. मागची बाजू बंद हवी, नाहीतर मागच्या उजेडात आतल्या माणसाची आकृती ठळक दिसते. लेन्स खिडकीबाहेर काढू नये, पक्ष्यांना आधी तिचीच हालचाल दिसते. आणि ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते. मग ६०० मिमीची लेन्स असली तरी लांबच्या पक्ष्याच्या कडा मऊच येतात. शटरचा वेग वाढवून ते सुधारत नाही.

कडवाकाठ:
मग खोलीला निरीक्षणकुटी, तंबूला लपण, जाळीला नुसतं जाळी? हे जमेल.
आणखी एक. 'वारकरी टिपताना एक्स्पोझर उणे ०.७ ते उणे १ ठेवा' या ओळीतला वारकरी (इंग्रजीत 'कूट' म्हणतात तो पाणपक्षी) खोडून 'चांदवा' केलंय.

लिपीकार:
ते बरोबरच केलं. हे पक्षी इथे हिवाळ्यात गर्दी करतात आणि पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकच्या वाटेवर दिंड्या असतात. नाशिकच्या पत्रकात 'वारकरी टिपताना' वाचून कुणाचाही गोंधळ होईल.

गोफणगुंडा:
अहो, पत्रक पक्ष्यांचं आहे, गोंधळ कसला? काळं अंग, कपाळावर गोपीचंदनाच्या टिळ्यासारखी पांढरी खूण, चालायचं ते जथ्याने. असं नाव खोडायचं म्हणजे पाप आहे.

लिपीकार:
टिळ्याची व्युत्पत्ती गोड आहे, म्हणून खरी ठरत नाही. चांदवा तर सरळ आहे: कपाळावर चांद. पांढऱ्या कपाळाच्या बैलाला चांद्या म्हणतात, तसंच.

पाणमांजर:
दोन्ही नावं त्या पांढऱ्या कपाळावरूनच आली असतील तर पत्रकात कपाळाचं कारणही लिहा. अंग काळं, म्हणून कॅमेरा सगळं चित्र उजळवायला बघतो आणि कपाळ जळतं. तिथला तपशील एकदा गेला की रॉ फाइलमधूनही परत येत नाही. दोन-चार फोटो काढून हायलाइटची लुकलुक (जास्त उजळलेला भाग कॅमेऱ्याच्या पडद्यावर लुकलुकतो ती) तपासावी, कपाळ लुकलुकलं तर आणखी उणे करावं. काळी पिसं नंतर उजळता येतात.

गोफणगुंडा:
हे लिहाच. पण नाव वारकरीच ठेवा. उद्या तलवार बदकाच्या शेपटीतली तलवारही खोडाल!

लिपीकार:
तलवार राहू द्या, तिथे गोंधळ नाही. थापट्या बदकाला मात्र पत्रकात काय केलंय ते आधी सांगा.