लीज संपलेली सोसायटी: ३० वर्षं वाढवून घ्यावी की जमीन मालकीची करावी?

वांद्रेकर काका (धागाकर्ता)
वांद्रे पश्चिमेला आमची २० घरांची सोसायटी. जमीन सरकारी, पट्टा (लीज) कधीच संपलाय आणि नूतनीकरणाचं घोंगडं भिजत पडलंय. पुढच्या विशेष सभेत दोनच पर्याय आहेत: ३० वर्षांचं नूतनीकरण, नाहीतर प्रीमियम भरून भोगवटादार वर्ग १, म्हणजे मालकी.

मी नूतनीकरणाच्या बाजूचा. २०१२ च्या शासन निर्णयाप्रमाणे निवासी भाडं असं निघतं: रेडी रेकनरने (सरकारी दरपत्रकाने) येणाऱ्या जमिनीच्या किमतीचे २५ टक्के काढायचे, त्यांचे २ टक्के वर्षाला. थोडक्यात, किमतीच्या अर्धा टक्का. सोयीसाठी जमीन १० कोटींची धरा. वर्षाला ५ लाख, घरटी २५ हजार, महिन्याला दोन हजारांच्या आसपास. उलट २०१९ च्या नियमांत मालकीसाठी सोसायट्यांना सवलतीचा दर होता १५ टक्के. म्हणजे दीड कोटी, घरटी साडेसात लाख, तेही एकरकमी. आमचे निम्मे सभासद पेन्शनवर आहेत. बोला.

कागदोपत्री
काका, ५ लाख गुणिले ३० करून बघा. दीड कोटीच होतात! तेच १५ टक्के तुम्ही हप्त्याने भरणार, आणि मुदत संपली की पुन्हा त्याच दारात उभे. तेव्हाचा रेडी रेकनर काय असेल याचा विचारच नको. वर फ्लॅट विकायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, हस्तांतरणाची रक्कम, घेणाऱ्याच्या बँकेचे प्रश्न. आमच्या शेजारच्या इमारतीत एका बाईंचा व्यवहार नेमका या परवानगीपायी मोडला. गिऱ्हाईक थांबलं नाही.

हिशेबी
गुणाकार बरोबर, निष्कर्ष चूक. आजचे दीड कोटी आणि ३० वर्षांत थोडे थोडे दिलेले दीड कोटी एकच कसे? ७ टक्क्यांनी मुदत ठेव केली तर वर्षाला साडेदहा लाख सुटतात. भाडं भरून निम्म्याहून जास्त व्याज उरतं, मुद्दल शाबूत.

कागदोपत्री
कोणाची ठेव? सोसायटीकडे दीड कोटी आहेत कुठे? नसलेल्या पैशाचं व्याज मोजताय.

हिशेबी
नाहीत ना? मग कर्ज काढा, त्याचं व्याज आणखी जास्त. मुद्दा माझ्याच बाजूने गेला. परवानगीचा जाच मात्र खरा, तो आकड्यात बसत नाही.

निवांत
इतकी वर्षं कोणी विचारलं का? मग आपण होऊन कशाला जा? सरकार काय इमारत उचलून नेणार आहे?

वकिलीणबाई
@निवांत, नेणार नाही, पण थकबाकी काढेल, आणि ती व्याजासकट. मुदत संपल्यावर कोणी भाडं स्वीकारत राहिलं म्हणून पट्टा ३० वर्षांनी वाढत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ११६ खाली निवासी जागेचा पट्टा फार तर महिन्या-महिन्याने चालू राहतो. भाडं ४०० ते १९०० पट वाढलं म्हणून वांद्र्याच्याच सोसायट्या उच्च न्यायालयात गेल्या होत्या. २०२४ मध्ये न्यायालयाने वाढ योग्य ठरवली. घरटी बोजा महिन्याला जास्तीत जास्त सहा हजारांच्या घरात येतो, हेही बघितलं गेलं. पण दर ५ वर्षांनी भाडं बदलण्याची तरतूद मान्य झाली नाही. मुदतभर भाडं तेच. काकांचा हिशेब टिकतो तो याच जोरावर. आणखी एक: २९ वर्षांच्या वरच्या पट्ट्याचं मुद्रांक शुल्क हा वेगळा विषय आहे, सभेआधी सल्लागाराकडून लेखी आकडा घ्या.

परदेशस्थ_पार्लेकर
लंडनला भावाने फ्लॅटचा लीज वाढवून घेतला. तिथे लीज फ्लॅटवाल्याच्या नावावर असतो, १९९३ च्या कायद्याने ९० वर्षं वाढवून मागण्याचा हक्कच आहे, आणि ८० वर्षांहून कमी उरली की किंमत चढते म्हणून लोक आधीच धावपळ करतात. आपल्याकडे पट्टा सोसायटीच्या नावावर, त्यामुळे एकट्याला काही करता येत नाही. जे करायचं ते सभेत ठराव करूनच.

टॉवरवाला
एवढी डोकेफोड कशाला? पुनर्विकासाला द्या, प्रीमियम बिल्डर भरेल.

कागदोपत्री
बिल्डर खिशातून नाही, तुमच्या कार्पेट एरियातून भरतो. आणि पट्टा संपलेल्या जमिनीवर निविदा मागवा, कोण किती देतो ते कळेल. म्हणून तर म्हणतोय, आधी मालकी, मग बिल्डरशी बोलणी. वर्ग १ चा कागद हातात असला तर तुम्ही अटी घालाल.

वांद्रेकर काका
हा मुद्दा मला पटतो, पण तो पुनर्विकास खरंच होणार असेल तरच. आमच्या इमारतीला नुकतीच दुरुस्ती झालीय, दहा-पंधरा वर्षं कोणी हात लावणार नाही. ८० वर्षांच्या आजींनी त्यासाठी आज साडेसात लाख का मोडायचे?

वकिलीणबाई
आजींचे वारसही विचारात घ्या, पण ते सोडा. आधी सिटी सर्व्हेतून मिळकत पत्रिकेचा ताजा उतारा काढा आणि 'धारणाधिकार' या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. पट्टा वेगळा, वर्ग २ (भोगवट्याची, पण सरकारी बंधनं असलेली जमीन) वेगळा. सवलतीची मुदत आज चालू आहे का, हेही जिल्हाधिकारी कार्यालयाकडून लेखी घ्या. यावर नुसती तोंडी माहिती घेऊन ठराव करणाऱ्या सोसायट्या मी पाहिल्यात.

हिशेबी
आणि भाडं घरटी सारखं नको, क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटा. वन रूम किचनवाल्याने थ्री बीएचकेचा भार का उचलायचा?

थ्री_बीएचके
आलं का शेवटी माझ्यावर! मेंटेनन्सचा सर्व्हिस चार्ज सारखाच असतो ना? तेव्हा नाही कोणी क्षेत्रफळ काढत.

वांद्रेकर काका
उतारा सोमवारी काढतो. वाटणीचं भांडण सभेत, इथे नको.